मॅडमच्या अक्षरातली पाखरं

जुने कागद लावायला बसलं की कागदांच्या आधी किस्सेच जमा होत जातात. कागद एक असतो, त्याला चिकटून गोष्टी चार येतात, आणि कॅटलॉगमध्ये त्यांच्यासाठी रकाना नसतो. आमच्या खोलीत त्या इतक्या साठल्या की सोनवणे एकदा म्हणाला, "सर, यांचीबी एक सीडी काढावी लागंल." ती सीडी काही निघाली नाही. म्हणून आठवतील तसे लिहून काढतो.

आधी खोली सांगतो. जालन्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे फुटक्या काचसामानाची एक खोली होती. ती झाडून तिथे एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि तीन खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर माझी बायको नलिनी. ती त्याच कॉलेजात शिकवायची, सगळे तिला मॅडम म्हणत. दुसऱ्या खुर्चीवर सोनवणे, प्रयोगशाळेतला अटेंडंट. स्कॅनिंग आणि टायपिंग त्याच्याकडे. तिसऱ्या खुर्चीवर कादरचाचा, परतूरचे निवृत्त उर्दू शिक्षक. आठवड्यातून तीन दिवस ते पॅसेंजरने जालन्याला यायचे.

काम एकच होतं. आपल्या भागात पूर्वी ज्या कोणी झाडं, पाखरं, किडे, पाऊसपाणी बघून लिहून ठेवलं, त्यांचे कागद मिळवायचे, वाचायचे आणि कॉम्प्युटरवर उतरवायचे. त्यातली मोठी असामी म्हणजे वाटूरचे बळवंत मास्तर. निजामाच्या काळातले प्राथमिक शिक्षक. दिवसभरात पाहिलेलं रोज संध्याकाळी मोडीत लिहून ठेवायचे.

मी शाळेत मराठी शिकवायचो आणि थोडंफार लिहायचो. त्या खोलीत मला खुर्ची नव्हती.

*

नलिनीचा स्वतःचा आवडता किस्सा एक्याऐंशी सालचा. ती नुकतीच कॉलेजात लागली होती. हिंडून हिंडून तिने झाडांचे वाळवलेले नमुने कागदांवर चिकटवले होते आणि प्रत्येकाखाली सुबक लेबल लावलं होतं: गाव अमुक, जिल्हा औरंगाबाद.

त्या वर्षी जालना जिल्हा झाला! प्राचार्यांनी कपाट उघडून पाहिलं आणि सगळी लेबलं बदलायला सांगितली. नलिनीची दिवाळीची सुट्टी खळ आणि कात्री घेऊन गेली. ती म्हणायची, "एक झाड जागचं हललं नाही, पण सगळ्यांची बदली झाली."

वीस वर्षांनी तिने हे कादरचाचांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे काहीच न्हाई. तुमचे बळवंत मास्तर जन्मभर वाटूर सोडून मुक्कामाला गेले न्हाईत. तरी तीन राज्यांत राहून आले. आधी हैदराबाद, मंग मुंबई, मंग महाराष्ट्र. अन् पासपोर्ट बिलकुल लागला न्हाई!"

*

मास्तरांचे कागद सापडले त्याचीही गंमतच. नलिनी मुलांना घेऊन वाटूरकडे झाडं दाखवायला गेली होती. एका घरी पाणी मागितलं. घरातल्या रुक्मिणबाई तांब्या द्यायला वाकल्या आणि नलिनीला त्यांच्यामागची फळी दिसली. फळीवर डबे, डब्यांखाली कागद, आणि एका कागदावर शाईने काढलेला पाखराचा पाय. नुसता पाय, पण नखांसकट.

रुक्मिणबाई म्हणजे मास्तरांची सून. सासऱ्यांच्या वह्या सुट्या करून त्यांनी फळ्यांना घातल्या होत्या. कागद जाड होता, डब्यांचे डाग पडत नव्हते.

पुढच्या रविवारी नलिनी पुन्हा गेली. या वेळी बरोबर मी, आणि माझ्या खांद्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तिने एकेक डबा उचलला, जुना कागद काढला, नवा पेपर घातला. रुक्मिणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"बाई, लोक जुनं देऊन नवं नेतात. तुमचं उलटंच दिसून राह्यलं!"

सगळं झाल्यावर त्यांनी आतून एक पत्र्याची पेटीही काढून दिली. तीत उरलेल्या वह्या होत्या. म्हणाल्या, "मामंजी म्हणायचे, माझं कोणी वाचलंच न्हाई. तुम्ही वाचा. अन् चार लोकांना दिसंल असं ठेवा."

नलिनी म्हणाली, "वाचते."

मग रुक्मिणबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी आत हाक मारली, "अगं, त्या पेपरवाल्यालाबी चहा टाक!"

मी नलिनीकडे पाहिलं. तिने चेहरा सरळ ठेवून सांगितलं, "आमचे नेहमीचेच आहेत."

*

पेटीत काही उर्दू कागद निघाले आणि त्यांच्यामुळे कादरचाचा खोलीत आले. ती मास्तरांची कचेरीशी झालेली लिखापढी होती. अक्षर इतकं घसरतं की आम्हाला ते उलट धरलंय की सुलट तेही कळेना. कादरचाचांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि गाडीतलं वर्तमानपत्र वाचावं तसे वाचत सुटले.

मास्तरांनी कळवलं होतं की, गावच्या तळ्यावर या हिवाळ्यात उत्तरेकडचे हंस उतरले आहेत, त्यांची सरकारदरबारी नोंद व्हावी.

कचेरीचं उत्तर: सदर पक्षी कोणाच्या मालकीचे आहेत, व त्यांच्याबाबत कोणाची तक्रार आहे, ते कळवावे.

मास्तरांचं उत्तर: चौकशी केली. पक्षी दूर देशीचे आहेत. त्यांची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

त्यावर कचेरीचा शेवटचा शेरा: तक्रार नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल.

आम्ही हसलो. कादरचाचाही हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले. म्हणाले, "एवढ्या मोठ्या राज्यात या माणसाला हंस दाखवायला कोणीच न्हवतं हो."

पुढे खोलीत तो शब्दच रूढ झाला. चहा गार झाला, स्कॅनर अडला, प्राचार्य रागावले, काहीही झालं तरी नलिनी विचारायची, "तक्रार आहे?" आणि सोनवणे म्हणायचा, "न्हाई मॅडम. दप्तरी दाखल!"

*

टेंभुर्णीला एका जुन्या वैद्यांच्या घरी औषधी झाडांची टिपणं होती. लाल कापडात बांधलेली, दसऱ्याला पूजेपुरती बाहेर निघणारी. वैद्यांचे नातू म्हणाले, "कागद उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत." नलिनी म्हणाली, "मग मशीन उंबऱ्याच्या आत येईल."

कॉलेजच्या जीपमध्ये कॉम्प्युटर आणि स्कॅनर घालून ती आणि सोनवणे टेंभुर्णीला गेले. घरात नवी वस्तू आली, तीही वैद्यबाबांच्या कागदांसाठी! घरातल्या बायकांनी स्कॅनरची पूजा केली. हळद, कुंकू, फूल, नारळ. मग दिवसभर काम झालं आणि जेवूनखाऊन दोघं परत आले.

जालन्याला येऊन पाहतात तो प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका.

सोनवणे म्हणाला, "मॅडम, वैद्यबाबांनी खास औषधांवर खूण करून ठेवली असंल."

नलिनीला ते पटलं. तिने 'लाल खुणेची औषधं' अशी वेगळी यादी करायला घेतली. गुळवेल, अडुळसा, शतावरी. यादी वाढतच चालली. कुठल्याच झाडावर खूण नाही असं होईना. शेवटच्या पानाशी आल्यावर तिने पेन खाली ठेवलं. ते पान वैद्यबाबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं होतं. त्यावरही तीच खूण!

सोनवणे हळूच उठला आणि स्कॅनरचं झाकण उघडून त्याने काचेवर बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"पुन्हा जायचं का मॅडम? सगळं पुन्हा करून आणू."

"नको," नलिनी म्हणाली. "पुन्हा पूजा करतील."

कॅटलॉगमध्ये तिने स्वतः टीप घातली: लाल ठिपका कुंकवाचा आहे. मूळ कागदावर नाही.

*

नंतर ती आजारी पडली. औरंगाबादच्या दवाखान्यात होती. भेटायला येणारे सगळे हळू बोलायचे. एरवी गल्लीभर आवाज देणारे शेजारीसुद्धा तिच्यापुढे कुजबुजायचे, आणि ती काहीही म्हणाली तरी माना डोलवायचे.

एका दुपारी कादरचाचा आले. परतूरहून थेट गाडीने. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. बसले आणि खिशातून मास्तरांच्या एका उर्दू पत्राचा प्रिंटआउट काढला.

"मॅडम, इथं तुम्ही टिटवी लावली. चूक आहे. हा धाविक आहे."

"टिटवीच आहे. रात्री ओरडतो असं लिहिलंय ना पुढे?"

"रात्री काय कोणीबी ओरडतं!"

"चाचा, धाविक कधी रात्री ओरडलेला ऐकलाय तुम्ही?"

"मी परतूरला राहतो, जंगलात न्हाई!"

दोघांचे आवाज चढले. नलिनी उशीवरून अर्धी उठली, तिने प्रिंटआउट हिसकावून घेतला. सिस्टर धावत आली आणि चाचांना म्हणाली, "बाबा, काय चाललंय? पेशंटला त्रास देऊ नका!"

नलिनी म्हणाली, "राहू द्या हो सिस्टर. सहा महिन्यांत मला पहिल्यांदाच कोणीतरी त्रास देतंय!"

त्यानंतर तीन आठवड्यांनी खोलीतली एक खुर्ची रिकामी झाली.

*

आता अडचण अशी झाली. मास्तरांच्या मोडी वह्या तिने वाचल्या होत्या, आणि वाचता वाचता त्यांचा मजकूर साध्या देवनागरीत अकरा रजिस्टरांमध्ये उतरवून ठेवला होता. त्यातलं बघून ती सांगायची आणि सोनवणे टाइप करायचा. असं एक रजिस्टर झालं होतं. दहा उरली होती, आणि तिचं अक्षर कोणालाच लागत नव्हतं.

अक्षर वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ते घाईत होतं. वरची रेघ नाही, काना-मात्रा जिथे जागा मिळेल तिथे, आणि 'आहे' म्हणजे नुसती एक लाट.

कॉलेजने बाहेरून एक मोडीचे जाणकार बोलावले. त्यांनी मास्तरांच्या वहीतली चार पानं घडाघडा वाचून दाखवली. मग सोनवणेने त्यांच्यापुढे मॅडमचं रजिस्टर ठेवलं. जाणकारांनी चष्मा बदलला, पान खिडकीशी नेलं, परत आणलं. म्हणाले, "मोडी येते मला. ही कोणती लिपी?"

वह्या नव्याने वाचायच्या तर वर्षं लागणार होती. तेवढी वर्षं खोली कोणी देणार नव्हतं.

एका रविवारी सकाळी सोनवणे घरी आला. दारातच उभा. काखेत रजिस्टर. "सर, एवढी ओळ वाचता का जरा?"

मी चहाचा कप हातात ठेवूनच वाचली. "पहाटे ओढ्याच्या वळणावर दोन करकोचे. एक लंगडतो. मागल्या सालचाच असावा."

सोनवणे माझ्याकडे बघतच राहिला. "सर, हे तुम्हाला कसं काय लागतं?"

कसं म्हणजे? माझी शाळा सकाळची, तिचं कॉलेज दुपारचं. आमचा अर्धा संसार चिठ्ठ्यांवर झाला. 'वांगी झाकून ठेवली आहेत, गरम करून घ्या.' 'गॅसवाला येईल.' 'मी रागावलेली नाही, घाईत आहे.' मी त्याला म्हटलं, "बावीस वर्षं हेच वाचतोय."

"मंग सर, उद्यापासून येता का?"

"अरे, मला पाखरांतलं काही कळत नाही."

सोनवणे म्हणाला, "पाखरांचं मी पाहतो. तुम्ही मॅडमचं पाहा."

*

तर अशी मला खुर्ची मिळाली. मी वाचायचो, सोनवणे टाइप करायचा. तो फार प्रामाणिक टायपिस्ट. कानावर पडेल ते कागदावर. मीही शिस्तीने रजिस्टरात असेल ते सगळं वाचायचो. एकही शब्द गाळायचा नाही, असं मनाशी ठरवलेलं.

महिन्याने विद्यापीठातून पत्र आलं. आमचं काम तपासायला तिथे अश्विनी नावाची एक तरुण संशोधक होती. रजिस्टरांची स्कॅनं एका बाजूला आणि आमचा टाइप केलेला मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून ती ओळ न् ओळ पाहायची. तिने विचारलं होतं: मृगाच्या नोंदीत चातकानंतर 'गव्हाचं दळण आणणे' असे आहे. बळवंत मास्तर दळण स्वतः आणत होते काय? त्या काळाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

मी रजिस्टर उघडून पाहिलं. खरंच होतं. वाचता वाचता आठवलं की नलिनी घरचं कामही तिथेच टिपून ठेवायची.

कादरचाचा म्हणाले, "लिहून टाका, होय, मास्तरच आणायचे. बिचाऱ्याचं नाव होईल!"

पण सोनवणेने खरं उत्तर टाइप केलं. 'दळण मास्तरांचे नसून मॅडमचे आहे. ते सर आणत असत.'

त्याच्या पाठीमागे उभा राहून मी म्हणालो, "कधीकधी विसरायचो."

पत्र गेल्यावर प्रत पाहिली. त्याने तेही टाइप केलं होतं.

*

मास्तरांच्या वहीत एके ठिकाणी नोंद आहे: "आज काही पाहिले नाही." एवढीच. इतक्या वर्षांत अशी नोंद एकदाच.

सोनवणे वाटूरला काही कामाने गेला होता, तेव्हा त्याने रुक्मिणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मास्तरांचा थोरला मुलगा गेला. रुक्मिणबाई तेव्हा सून होऊन आल्या नव्हत्या, पण घरात सांगायचे.

नलिनीला यातलं काही माहीत नव्हतं. ती आमच्याही आधी त्या पानापाशी थांबली असणार. कारण रजिस्टरात त्या ओळीशेजारी तिने समासात लिहिलं होतं: "पाहिलं असेल. लिहिलं नसेल."

सोनवणेने विचारलं, "सर, समासातलं टाइप करू?"

मी म्हटलं, "कर. पण मास्तरांच्या नावावर नको."

*

भारनियमनाचे दिवस होते. जालन्यात लाइट कधी जाईल ते सांगता यायचं नाही. त्यामुळे असेल तोवर जल्दी उरकायचं, अशी आमची रीत.

सातवं रजिस्टर चालू होतं. फुलपाखरांची यादी. मी एका सुरात वाचत होतो. "रुईवर पट्टेरी, दोन. लिंबावर काळं, एक. रिपोर्ट आला. ह्यांना एवढ्यात सांगायचं नाही. दहावीचे पेपर तपासून होऊ देत. एरंडावर..."

एरंडावर काय होतं ते मला पुढे वाचता आलं नाही.

दहावीचे गठ्ठे त्या वर्षी माझ्याकडे होते. मी ते तपासून पाठवले, त्यानंतर तिने मला सांगितलं होतं. मला वाटलं होतं, तिलाही त्याच दिवशी कळलं. मी हिशोब केला. मधले अठरा दिवस ती रोज माझ्यासमोर बसून जेवली होती. गुणांची बेरीज बरोबर आहे ना, म्हणून माझे पेपरही तिने पडताळून दिले होते.

सोनवणेची बोटं कीबोर्डवर थांबली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाखाली पाय लांबवला आणि अंगठ्याने कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"लाइट गेली सर," तो म्हणाला. "आज बस करू."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

कादरचाचांनी मान वर करून पंख्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "होय. गेलीच."

*

त्या दिवसापासून माझं वाचन मंदावलं. आधी दिवसाला दहा-बारा पानं व्हायची, ती दोनवर आली. मी घसा बसला म्हणून सांगायचो, चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सांगायचो. खरं कारण खोलीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून इथेही सांगतो. घरातल्या चिठ्ठ्या मी सगळ्या वाचलेल्या होत्या. तिचं न वाचलेलं असं जगात आता या रजिस्टरांमध्येच उरलं होतं. ते संपलं की संपलं.

पण काम तर संपवायला हवं होतं. प्राचार्यांना खोली परत हवी होती. वाटूरहून रुक्मिणबाईंचा निरोप यायचा, "मामंजींचं त्या मशीनवर कधी दिसणार? मला दिसायचं बंद व्हायच्या आधी दाखवा म्हणावं." अश्विनीने तारीख कळवली होती. ती स्वतः येऊन सीडी घेऊन जाणार होती.

ती आली तेव्हा अकराव्या रजिस्टराचं शेवटचं पान राहिलं होतं. सोनवणेने तिच्यासाठी बाहेरून स्टूल आणलं. तिच्यासमोर मी मास्तरांची शेवटची नोंद वाचली. "चिंचेवर होला. घरटं अर्धं झालं." सोनवणेने ती टाइप केली. बळवंत मास्तर पूर्ण झाले.

त्याखाली पानावर आणखी मजकूर होता. सात-आठ ओळी. शाई वेगळी, अक्षर थोडं कापरं. मास्तरांचं त्यात काही नव्हतं, ते लांबूनच कळत होतं.

इथे खोलीतला एक नियम सांगायला हवा. नलिनीनेच घातलेला. कुठलाही मजकूर 'वाचता आला नाही' असं एकट्याने ठरवायचं नाही. तिघांनी पाहायचं, तिघांनाही लागला नाही तर तशी चिठ्ठी लिहून तिघांनी सही करायची. इतक्या वर्षांत अशा चिठ्ठ्या दोन-चारच झाल्या होत्या, आणि त्याही कादरचाचांशी भांडून. 'वाचता येत नाही' या वाक्यावर सही करताना त्यांना कोणी आपला दात उपटतंय असं वाटायचं.

मी रजिस्टर मिटलं. म्हणालो, "हे मला वाचता येत नाही."

मी चिठ्ठी लिहिली, खाली सही केली आणि रजिस्टर सोनवणेकडे सरकवलं. दोन वर्षं माझ्या शेजारी बसून त्याला ते अक्षर माझ्याइतकंच लागायला लागलं होतं. त्याने पान उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि तव्याला लागावं तसं उचललं.

"न्हाई सर," तो म्हणाला. "मलाबी न्हाई लागत." त्याने सही केली.

कादरचाचांनी हात पुढे केला. रजिस्टरासाठी नव्हे, चिठ्ठीसाठी. चष्मा त्यांच्या खिशातच होता. तो न काढता त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि उर्दूत लांबलचक सही केली.

रजिस्टर अजून टेबलावर उघडंच होतं. अश्विनीने पुढे वाकून पाहिलं. जवळजवळ तितकाच काळ तीही तेच अक्षर बघत आली होती.

"पण सर, हे तर लागतंय," ती म्हणाली. "हा पहिला शब्द 'अहो' आहे ना? आणि पुढे..."

"बेटा," कादरचाचा म्हणाले, "तीन माणसांनी पाहिलं. न्हाई लागत. बिलकुल न्हाई लागत."

अश्विनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग सोनवणेकडे. मग माझ्याकडे. तिने रजिस्टर मिटलं, चिठ्ठी आपल्याकडे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"चौथी सही कुठं करू?"